जुनी फास्ट गाडी घेतलीये, आता आधी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २२ वर्षं जुनी, सरळ सहा सिलिंडरची, मॅन्युअल, रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार घेतलीये, मीटरवर फक्त ६१,००० किलोमीटर, आधीच्या मालकाकडे शेवटची चार वर्षं झाकून उभी होती. आता एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे कडक स्प्रिंग-डँपर) यातलं आधी काय करू, गाडी रोज वापरता येईल का, आणि गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकताना करकर होते ती कशामुळे. मी अशाच गाड्यांवर वीस वर्षांच्या वर काम करतोय, माझ्या स्वतःच्याही दोन आहेत, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की तिन्हीपैकी आत्ता काहीच करू नका. पहिलं एक वर्ष गाडी नवी असताना जशी चालत होती तिथपर्यंत परत आणायची, बस एवढंच काम. हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल हे मला माहितीये, पण बावीस वर्षं जुन्या गाडीत तुम्हाला आज जी ताकद जाणवतेय ना ती बऱ्याचदा मूळ ताकदीपेक्षा बरीच कमी असते, थकलेले इग्निशन कॉइल, गळणारे व्हॅक्युम पाइप, सुस्तावलेले ऑक्सिजन सेन्सर, मेलेले डँपर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आणि हे सगळं नीट केलं की लोक मला येऊन विचारतात की रिमॅप केला का.

आणि ६१,००० हा आकडा वाचून तुम्हाला आनंद झालाय, तो मी समजू शकतो, पण या वयाच्या गाडीत मीटर ही दुय्यम गोष्ट आहे. रबर, प्लॅस्टिक, ऑइल सील, वायरवरचं आवरण हे सगळं उभ्या उभ्याही म्हातारं होतं. माझ्यासमोर एक १,६०,००० चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेलं, सगळी बिलं फाइलला लावलेली गाडी ठेवली आणि शेजारी तुमच्यासारखी कमी चाललेली पण चार वर्षं उभी राहिलेली ठेवली तर मी पहिली घेईन, दुसऱ्यांदा विचार न करता. उभ्या गाडीत ब्रेक कॅलिपरचे पिस्टन गंजून अडकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, एसीच्या कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडतं, उंदीर वायरी कुरतडतात. तुम्ही गाडी आधीच चालू करून फिरवलीये म्हणून आता सांगून उपयोग नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो, इतकी वर्षं उभी असलेली गाडी थेट किल्ली फिरवून चालू करू नका, जुनं पेट्रोल काढा, ऑइल बदला, स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन पान्याने हाताने दोन वेळा पूर्ण फिरवा, मग फ्युएल पंपाचा रिले काढून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा, आणि त्यानंतरच प्लग आणि रिले लावून चालू करा.

आता कामाचा क्रम. जिथे जीव जाऊ शकतो ते सगळ्यात आधी.

टायर बघा. बाजूला डॉट कोडचे शेवटचे चार अंक असतात, २३१९ असेल तर २०१९ सालातला २३वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० सालच्या आधीचा आहे, आणि असे टायर लावून फिरणाऱ्या गाड्या मी बघितल्यात, ट्रेड मस्त शिल्लक असते म्हणून कुणी बदलत नाही. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर गाडी धरत नाही आणि तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, ताकद जास्त आहे, बहुतेक स्टॅबिलिटी कंट्रोलही जुन्या पद्धतीचा आहे. सहा-सात वर्षांच्या वरचे असतील तर चारही बदला, यावर मी चर्चा करत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ चा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो आणि ओल शोषलेल्या अवस्थेत, म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर, किमान १५५ वर येतो, आणि उतारावर दोन-चार वेळा जोरात ब्रेक मारले की कॅलिपर तेवढा गरम सहज होतो, ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जमिनीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, चारही चाकांतून काढून. ते करतानाच रबरी ब्रेक होज बदलून घ्या, कारण जुनी होज आतून सुजते, बाहेरून चांगली दिसते, आणि ब्रेक सोडल्यावरही दाब अडकून राहतो, मग एक चाक गरम होतं आणि लोक उगाच कॅलिपर बदलत बसतात. आणि डॉट ५ नावाचं जे सिलिकॉनचं ऑइल मिळतं ते यात मिसळू नका, नाव जवळचं आहे पण जात पूर्ण वेगळी आहे, डॉट ५.१ चालतं.

मग पेट्रोलचे रबरी पाइप. हा विषय मला खरंच जिव्हाळ्याचा आहे कारण मी एक अतिशय सुंदर गाडी दहा मिनिटांत जळून गेलेली बघितलीये. मालकाला आठवडाभर सकाळी चालू करताना पेट्रोलचा वास येत होता, त्याला वाटलं जुनी गाडी आहे, येणारच. इंजेक्शनच्या गाडीत पाइपमध्ये साधारण ३ बारचा दाब असतो, म्हणजे बारीकशी चीर पडली तरी पेट्रोल नुसतं टपकत नाही, फवारा उडतो, आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड. त्यातून हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या काळातली बरीच रबरं इथेनॉलसाठी बनवलेलीच नव्हती, ती फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. टाकीपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा शोधून बदला, टाकीच्या आत पंपाला जोडलेला छोटा तुकडाही, आणि पाइप घेताना इंजेक्शनच्या दाबाचा आणि इथेनॉल चालणाराच घ्या, कार्ब्युरेटरच्या गाडीचा साधा पाइप लावू नका. क्लिपही बारीक दाते असलेल्या नको, त्या रबर कापतात, गोल कडेच्या इंजेक्शन क्लिप घ्या. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कितीही छोटं काम असलं तरी.

एअरबॅगचंही बघून घ्या. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरचा (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचा) रिकॉल बऱ्याच जणांना नव्या गाड्यांचा विषय वाटतो, पण त्यात बीएमडब्ल्यू ई४६ (३ सिरीजची एक जुनी पिढी) आणि होंडा एस२००० सारख्या गाड्याही आहेत. आतलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत जातं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. गाडीचा चासिस नंबर कंपनीकडे टाकून तपासा, काम राहिलं असेल तर करून घ्या.

आता कूलिंग, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण जुन्या परफॉर्मन्स गाड्यांची इंजिनं जितकी कूलिंगने मारलीत तितकी रेसिंगने मारली नसावीत.

माझ्या पहिल्या अशा गाडीचं रेडिएटरचं प्लॅस्टिकचं तोंड, जिथे वरची होज बसते ते, चालत्या गाडीत तुटलं. त्याच्या आदल्या दिवशी मी बॉनेट उघडून सगळं बघितलं होतं आणि सगळं कोरडं होतं. काटा मध्यावर होता, मी मागच्या आरशात वाफ बघितली तेव्हा कुठे कळलं, तरी पण काटा मध्यावरच आहे म्हणून पुढच्या वळणापर्यंत नेऊ असं म्हणून तीन-चार मिनिटं चालवली. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, वाकलं. नंतर शिकलो ते दोन गोष्टी, एक म्हणजे त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम असा बनवलेला असतो की तो मोठ्या टप्प्यात मध्यावरच उभा राहतो, म्हणजे मालक उगाच घाबरू नये, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरं, सगळं पाणी निघून गेलं की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि मग तो काही भलतंच, कधी कधी चक्क थंड, दाखवतो. म्हणून ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं तपासणीचं सॉकेट, चालत असेल तर एक साधा डिस्प्ले लावून खरा आकडा बघायची सवय लावा, तुमच्या गाडीला कुठल्या तापमानाला फॅन लागतो, चढावर किती जातं, एसी लावल्यावर किती, हे आकडे तोंडपाठ झाले पाहिजेत. आणि गडबड दिसली की गाडी तिथल्या तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद, पुढच्या वळणाला नाही.

अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि सरळ सहा सिलिंडर म्हणजे हेड लांब, आणि लांब हेड गरम झालं की वाकायला वेळ लागत नाही. त्यामुळे रेडिएटर, एक्स्पान्शन टँक, त्याचं झाकण, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळ्या होज आणि फॅनचा क्लच, हे एकाच वेळी बदला, एकेक करत बसू नका. लोक विचारतात की थर्मोस्टॅट चांगला आहे तर कशाला, पण सगळे एकाच वयाचे आहेत, एक नवा घातला की दाब परत पूर्ण तयार होतो आणि पुढचा कमजोर तुकडा फुटतो, मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता अर्धं काम मी घेतच नाही. झाकण विसरू नका, दाब धरला तरच पाण्याचा उकळबिंदू वर राहतो, झाकण सैल असेल तर बाकी सगळं नवं असून गाडी उकळेल. कूलंट कंपनीने सांगितलेल्याच प्रकारचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं निम्मं, आणि रंग बघून मिसळू नका, रंगाला काही प्रमाण नाही, चुकीचे प्रकार मिसळले की आत गाळ होतो. शेवटी हवा काढायची, ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचं तोंड थोडं वर करून. हवेचा एक फुगा हेडमध्ये अडकला तरी तेवढाच भाग भाजतो.

इंजिनच्या तब्येतीबद्दल. कॉम्प्रेशन टेस्ट सगळे करतात, करा, सगळ्या सिलिंडरांत फरक १० टक्क्यांच्या आत असावा. पण खरं बोलते ती लीक-डाउन टेस्ट, प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. १० च्या आत असेल तर छान, २० च्या वर गेलं तर शोध घ्यायचा, आणि शोधही सोपा असतो कारण हवा कुठून फुसफुसतेय ते कानाला कळतं, ऑइलच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गास्केट. सोबत ऑइल बदलताना थोडं ऑइल लॅबला पाठवा आणि जुना फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का बघा. एका रिपोर्टवरून फार काही ठरवू नका, तीन-चार रिपोर्ट ओळीने लावले की शिसं आणि तांबं वाढतंय का ते दिसतं आणि बेअरिंग बोलायच्या आधी कळतं.

टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदललाय याचं बिल हवं, तोंडी माहिती चालणार नाही, बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. बऱ्याच कंपन्या किलोमीटरसोबत वर्षांचीही मर्यादा देतात आणि तुमच्यासारख्या कमी चाललेल्या गाडीत वर्षांचीच मर्यादा आधी संपते. पोर्शे ९४४ मध्ये टायमिंगचा बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि त्यात बॅलन्स शाफ्टचा बेल्ट वेगळा असतो, तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला तरी तोच निकाल. फेरारी एफ३५५ चे बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, म्हणून मालक ते काम पुढे ढकलतात, आणि म्हणूनच ती गाडी घेताना पहिला प्रश्न बेल्टचा असतो. नंतरच्या ३६० मध्ये सीटमागच्या झाकणातून काम होतं. चेन असेल तर निवांत राहू नका, चेनचे प्लॅस्टिकचे गाइड आणि टेन्शनर म्हातारे होतातच, थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड आली तर तिकडे बघा.

तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, पण प्रत्येक गाडीची एक-दोन दुखणी जगजाहीर असतात आणि घेतल्या घेतल्या ती तपासायची असतात, आपली गाडी नशीबवान असेल असं धरून चालायचं नाही. ई४६ एम३ असेल तर मागच्या सबफ्रेमच्या जागी बॉडीच्या पत्र्याला तडे जातात, गाडी लिफ्टवर घेऊन, घाण पुसून, चारही माउंटच्या भोवती नीट बघा. त्याच्या एस५४ इंजिनच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांचे कनेक्टिंग रॉड बेअरिंग कंपनीने बोलावून बदलून दिले होते, व्हॅनोसचे (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या भागाचे) बोल्ट सैल होतात, आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स हाताने लावायचा असतो, जो अर्ध्या मालकांना माहीतच नसतो. पोर्शे ९९६ आणि ९८६ (९११ आणि बॉक्सटरची ती पिढी) मध्ये इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग निकामी होतं, ते क्लचचं काम काढलं की त्याच वेळी बघून घ्यायचं कारण गिअरबॉक्स उतरलेलाच असतो. ९९६ च्या टर्बो आणि जीटी३ ला वेगळं इंजिन आहे, त्यात हे दुखणं नाही. माझ्दा आरएक्स-७ एफडी असेल तर त्यात पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असतात, म्हणून साधा कॉम्प्रेशन गेज चालत नाही, रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे दाखवणारा लागतो, आणि ते इंजिन ऑइल जाळतंच, मुद्दाम जाळतं, रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सीलला वंगण मिळावं म्हणून, तेव्हा डिपस्टिक दर दोन-तीन टाक्यांना बघायचीच. सुबारूच्या ईजे२५ टर्बोत ऑइल पिकअपच्या नळीला तडा जातो आणि पिस्टनच्या रिंगलँड (रिंगा बसतात त्या कडा) तुटतात. एस२००० मध्ये चुकून खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेच्या वर फिरलं असेल तर व्हॉल्व्ह रिटेनरला तडा असू शकतो, व्हॉल्व्ह कव्हर काढल्याशिवाय कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच मर्सिडीजमध्ये इंजिनच्या वायरीचं आवरण बोट लावलं की भुगा होऊन पडतं. त्याच काळातल्या मित्सुबिशीच्या ईसीयूमधले, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले, कपॅसिटर गळून बोर्ड खातात.

इलेक्ट्रिकलचं एवढंच सांगतो की विचित्र, कधी येणारा कधी न येणारा बिघाड असेल तर सेन्सर बदलायच्या आधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी खराब आहे. एका तारेने मी तीन-तीन महिने न सापडलेले बिघाड गेलेले बघितलेत.

सस्पेन्शन हा कूलिंगनंतरचा माझा आवडता विषय, आणि कॉइलओव्हरबद्दलचं उत्तर इथेच आहे. तुमच्या गाडीचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं, बावीस वर्षांचे आहेत. त्यावर नवे कडक कॉइलओव्हर लावलेत तर जुन्या बुशांवर आणखी मार बसेल आणि गाडी कडक पण सैल अशी विचित्र होईल, प्रत्येक खड्डा जाणवेल पण स्टिअरिंगला जीव नसेल. आधी सगळे कंट्रोल आर्म बुश, बॉल जॉइंट, सबफ्रेम बुश, डँपरचे वरचे माउंट, इंजिन आणि गिअरबॉक्स माउंट. रबराचेच घाला, पॉलियुरेथेन नको, निदान रस्त्यावरच्या गाडीला तरी नको, कारण काही बुश एकाच वेळी दोन दिशांना हलायला बनवलेले असतात, तिथे पॉली अडकतं आणि ताण पत्र्यावर जातो.

आणि बुश घालताना एक गोष्ट आवर्जून बघा, स्वतः उभं राहून बघा. रबरी बुशचा बोल्ट गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळायचा नाही. रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते सरकत नाही, पिळवटतं. लोंबकळत आवळलं आणि मग गाडी खाली ठेवली तर रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं, गाडी थोडी उंच दिसते आणि बुश एक-दीड वर्षात फाटतो. चाकांवर गाडीचं वजन आलं, किंवा हबखाली जॅक लावून नेहमीच्या उंचीला आणलं, की मगच टॉर्क द्यायचा. माझ्याकडे एक जण आला होता, दोन वर्षांत तीनदा पुढचे बुश बदललेले, दर वेळी पार्टला दोष दिलेला, वेगवेगळ्या कंपनीचे आणले, आणि शेवटी कळलं की दर वेळी हवेतच आवळले होते. त्या माणसाचा पैसा गेला त्यापेक्षा त्याचा गाडीवरचा विश्वास उडाला याचं मला जास्त वाईट वाटलं, तो विकायला निघाला होता. चौथ्यांदा नीट आवळले, ती गाडी आजही त्याच्याकडेच आहे. हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट, तुम्ही गाडीत बसल्यावर जेवढं वजन असतं तेवढं वजन सीटवर ठेवून करतात तिथे करा. मग मूळ दर्जाचे नवे डँपर घालून एक हजार किलोमीटर चालवा, आणि तरीही कॉइलओव्हर हवे असं वाटलं तर खुशाल घ्या, बहुतेकांना वाटत नाही.

पार्ट्स. डब्यावरच्या नावापेक्षा तो पार्ट मुळात कुणी बनवला होता ते शोधा, लेमफोर्डर, सॅक्स, बॉश यांनी गाडीच्या कंपनीला पुरवलेलाच पार्ट त्यांच्या स्वतःच्या डब्यात बराच स्वस्त मिळतो. जे फक्त कंपनीकडूनच मिळतं आणि कधीही बंद होऊ शकतं, म्हणजे रबरी पट्ट्या, ट्रिम, दिव्यांच्या काचा, काही सेन्सर, ते दिसलं की घेऊन ठेवा. निसानने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आर साठी जुने पार्ट पुन्हा बनवायला सुरुवात केली, टोयोटानेही नंतर ए७० आणि ए८० सुप्रासाठी केली, पोर्शे आणि बीएमडब्ल्यूचे क्लासिक विभाग आहेतच, पण प्रत्येक गाडीला हे नशीब नाही. आणि आत्ता गाडीवर जे काही मूळचं आहे ते बदललंत तरी फेकू नका, लेबल लावून खोक्यात ठेवा.

रोज वापरता येईल का. येईल, पण ती एकमेव गाडी नसावी. इंजिन बिघडेल अशी भीती नाही, पण एक सेन्सर यायला तीन आठवडे लागतात आणि तेवढ्यात तुम्हाला कामावर जायचंच असेल तर तुम्ही घाईत चुकीचं काम करून घ्याल, बहुतेक जुन्या गाड्या अशाच घाईच्या दुरुस्त्यांनी खराब होतात. आठवड्यातून एकदा तरी, निदान अर्धा-पाऊण तास, सगळं पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. नुसती दाराशी दहा मिनिटं चालू ठेवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, कारण ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मुरतं आणि उडून जाण्याइतकं ते तापतच नाही. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइलला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं ३,००० च्या आसपासच ठेवा. एम३ मध्ये तर यासाठी मीटरवर दिवेच दिलेत, ऑइल तापेल तसे ते एकेक करून विझतात. एकदा गरम झालं की मात्र पूर्ण फिरवा, वरपर्यंत, ही इंजिनं त्यासाठीच बनलीत आणि सतत दबून चालवली की व्हॉल्व्हवर आणि रिंगांवर काजळी बसते. टर्बो असेल त्यांनी शेवटची दोन-तीन मिनिटं शांत चालवून मग बंद करावी, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कडक होतं. ऑइल मात्र तुमच्या पुस्तकात लिहिलंय तेच, एस५४ ला १०डब्ल्यू-६० लागतं म्हणून प्रत्येक फास्ट गाडीला तेच चांगलं असं नाही, काहींना ते इतकं घट्ट पडतं की थंड स्टार्टला वर पोचायलाच वेळ लागतो.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगतो, ज्या किमतीला गाडी घेतलीत त्याचा निदान चौथा हिस्सा, जमलं तर तिसरा, पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. आणि गाडी आज कितीही स्वस्तात मिळाली असली तरी पार्ट्सची किंमत ती नवीन असतानाच्या हिशोबाचीच आहे.

रिमॅप शेवटी. इंजिनचे आकडे चांगले आले, कूलिंग नवं आहे, व्हॅक्युम गळती स्मोक टेस्टने (आत धूर सोडून) तपासली आणि फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात करतो ती दुरुस्ती) दोन्ही बाजूंना पाच-सात टक्क्यांच्या आत आहेत, तर करा. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिनला त्यातून फार काही मिळणार नाही हे आधीच सांगतो, टर्बोला मिळतं तसं मिळत नाही. एक्झॉस्टने आवाज बदलेल, तो आवडत असेल तर वर्षानंतर लावा, मला त्यात काही गैर वाटत नाही.

राहिला दुसरा गिअर. थंड असताना करकर आणि दहा-पंधरा मिनिटांनी गायब, असं असेल तर घाबरू नका, दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोवर, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या रिंगवर, सगळ्यात जास्त काम पडतं आणि थंड, जुनं, घट्ट झालेलं ऑइल त्याला नीट पकडू देत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल बदला, कंपनीने सांगितलेलंच, कुठलंही हायपॉइड (डिफरेन्शियलसाठीचं) ऑइल नको कारण त्यातली काही द्रव्यं पितळी सिंक्रोला त्रास देतात आणि तो घसरायला लागतो. काढलेलं ऑइल स्वच्छ भांड्यात घ्या आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय आहे ते बघा, राखाडी पेस्ट असेल तर नेहमीची झीज, काढलेल्या ऑइलमध्ये पिवळसर चमकणारी धूळ असेल तर सिंक्रो (पितळ चुंबकाला चिकटत नाही), आणि हाताला टोचेल असा तुकडा सापडला तर गाडी तिथेच उभी ठेवून मला फोटो पाठवा. भरायचा प्लग उघडतोय याची खात्री करूनच खालचा ड्रेन प्लग उघडा, बावीस वर्षांत तो बऱ्याचदा जाम झालेला असतो. क्लचचं ऑइलही त्याच वेळी बदला, क्लच पूर्ण सुटत नसेल तरी करकर अशीच येते. ऑइल बदलून पाचशे किलोमीटर झाल्यावर, सकाळच्या पहिल्या स्टार्टला, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना किती करकर राहिली ते लिहा, आणि लीक-डाउनचे सहाही आकडे सोबत द्या.